खान्देशात रेप्लिका स्पोर्ट्स कार बांधायची असेल तर: चेसिसपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण विचारायला येणाऱ्या बहुतेक पोरांच्या डोक्यात फक्त इंजिन असतं. कुठलं टाकू, टर्बो बसेल का, किती पळेल. रेप्लिका गाडीत, म्हणजे नावाजलेल्या गाडीच्या घरी बांधलेल्या नकलेत, इंजिन हाच सगळ्यात सोपा भाग आहे भो, ते कंपनीने बनवलेलं आहे, चालू आहे, आपण फक्त उचलून बसवायचं. माणूस अडकतो तो दरवाज्यात, बॉनेटच्या गॅपमध्ये, वायरिंगमध्ये आणि रंगात. अर्धवट पडलेली कुठलीही गाडी बघा, चेसिस (गाडीचा सांगाडा) वेल्ड झालेला, इंजिन बसलेलं, आणि वरून ताडपत्री.

म्हणून या लेखात माझा एकच हट्ट आहे, गाडी दोनदा जोडायची. एकदा कच्ची, बिनरंगाची, अगदी हेडलाईट आणि आरशापर्यंत सगळं बसवून, सुरू करून, चालवून. मग शेवटच्या नटापर्यंत खोलायची, रंगवायची आणि पुन्हा जोडायची. ज्याला हे डबल काम वाटतं त्याने आत्ताच सेकंडहँड गाडी घेऊन मोकळं व्हावं.

कुठली गाडी बनवायची

नवख्या माणसाला माझं उत्तर ठरलेलं आहे, लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये ही आणली आणि त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागत नव्हता, म्हणून लोकांनी ती पेटीत घरी नेली आणि स्वतःच जोडली. म्हणजे गाडीचं डिझाईनच मुळी घरच्या माणसाने पाना घेऊन जोडण्यासारखं आहे. १९७३ मध्ये हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिकडे ती अजून बनते. चौकोनी पाईपचा सांगाडा, त्याच्यावर सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे फायबरचं नाक आणि चार मडगार्ड, झालं. दरवाजा नाही, काच वरखाली नाही, डिकीचं झाकण नाही. जिथे नवखा माणूस फसतो ते भाग तिच्यात मुळातच नाहीत.

कोब्रा सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. कॅरॉल शेल्बीने १९६२ मध्ये ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन कोंबलं आणि मूळ अस्सल गाड्या एवढ्या थोड्या बनल्या की आज जगात दिसणारी जवळपास प्रत्येक कोब्रा रेप्लिकाच असते. पण तिची बॉडी म्हणजे नुसते गोलावे, एकही सपाट जागा नाही, आणि गोलाव्यावर लाईट पडली की लांबीचा (पुट्टीचा) प्रत्येक खड्डा दिसतो. दुसरी गाडी म्हणून करा. पोर्शे स्पीडस्टरच्या रेप्लिका बाहेर फोक्सवॅगन बीटलच्या प्लॅटफॉर्मवर करतात, आपल्याकडे बीटल मिळाली तर ती कापायचं पाप करू नका. आणि जुन्या सेडानवर लॅम्बोर्गिनीचं कवच चढवायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. गाडीची उंची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), काच, काहीच जुळत नाही आणि शेवटी गणपतीच्या आरासीतली गाडी दिसते. वरून दुसऱ्याचा लोगो लावला की ट्रेडमार्कची भानगड वेगळी, ब्राझीलमध्ये २०१९ साली पोलिसांनी नकली फेरारी-लॅम्बोर्गिनी बनवणारं वर्कशॉपच बंद केलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात सेव्हन टाईपची गाडी बनलेली आहे बरं का, अलिबागकडच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन, तेच जे आपल्या हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसामध्ये यायचं. फोटो शोधून नीट बघा, देशी पार्ट्सवर काय जमतं याचा अंदाज येतो.

कागदपत्रं, पाना उचलायच्या आधी

हा भाग बोअर आहे पण वाचा. घरी बांधलेली गाडी आरटीओत नेऊन एमएच-१९ किंवा एमएच-१८ चा नंबर लावून रस्त्यावर फिरवता येत नाही. आपल्याकडे नवीन मॉडेलला टाईप अप्रूव्हल, म्हणजे टेस्ट करून मिळणारी मंजुरी, लागतं, ते पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्था देतात आणि ते कंपन्यांसाठी आहे, एका गाडीसाठी तो खर्च आणि त्या टेस्ट परवडणाऱ्या नाहीत. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी करून पास करायची सोय आहे, आपल्याकडे हौशी माणसासाठी तशी सोय नाही. बरं, जुन्या गाडीचं आरसी ठेवून फक्त बॉडी बदलली असं दाखवू म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. २०२१ चे व्हिंटेजचे नियम पन्नास वर्षांच्या वरच्या मूळ गाड्यांसाठी आहेत, रेप्लिका त्यात बसत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची जीप आठवते का, किक मारून सुरू होणारी? आनंद महिंद्रांनी कौतुक केलं पण त्याच वेळी हेही म्हणाले की नियमात बसत नाही म्हणून ती आज ना उद्या अडवली जाईल, आणि बदल्यात बोलेरो दिली. तेवढ्यावरून समजा.

मग गाडी चालवायची कुठे? स्वतःचं वावर, खळं, फार्महाऊसचं कंपाऊंड, परवानगी घेऊन बंद ट्रॅक. गावाचा शिवाररस्ता सुद्धा सार्वजनिकच धरतात, तिथे 'कोण बघतंय' चालत नाही. न्यायची असेल तर पिकअपवर टाकून न्या. आणि डोनर गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन वगैरे काढलं ती, तोडली की आरटीओला चौदा दिवसांत कळवून आरसी जमा करा, कलम ५५ आहे. तिची नंबर प्लेट नव्या गाडीवर लावणं म्हणजे सरळ गुन्हा.

हे सगळं वाचून मूड गेला असेल तर हरकत नाही, पैसे वाचले. राहिलेल्यांनी पुढे चला.

डोनर गाडी

सेव्हनला इंजिन पुढे उभं आणि ताकद मागच्या चाकाला लागते. आपल्या बाजारात स्वस्तात हे देणारी गाडी म्हणजे ओम्नी किंवा ईको. ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन हलकं आणि कुठल्याही गॅरेजमध्ये समजणारं, पण दम कमी. ईकोचं ११९६ सीसी माझ्या मते बेस्ट, इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा एक्सल सगळं एका रांगेत मिळतं आणि ज्या गाडीत ते नऊशेच्या वर किलो ओढत होतं त्याच्या जागी सहाशेच्या आसपास ओढायला मिळालं की मजा वेगळीच. जिप्सी चांगली, पण तिचे भाव आता हौशी लोकांनीच वाढवून ठेवलेत.

मला विचाराल तर सुटे पार्ट भंगारातून जमवू नका, पूर्ण चालू गाडी घ्या. अपघातात मागून ठोकलेली चालेल. कारण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), चावी, वायरिंगचा हार्नेस, सेन्सर हे सगळं एकाच गाडीचं असलं तरच सुखाने चालतं. खोलण्याआधी आठवडाभर चालवून बघा, क्लच, गिअर, गरम होणं, धूर. मग खोलताना प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून पेनाने नाव, प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी. मोबाईलमध्ये फोटो काढाच पण फोटोवर विसंबू नका, सहा महिन्यांनी दोन सारख्या काळ्या वायरींच्या फोटोकडे बघून काही कळत नाही.

चेसिस

सेव्हनच्या घरगुती चेसिसला जगभर एक इंची चौकोनी पाईप वापरतात, २५ बाय २५, जाडी १.६ मिलिमीटर, आपल्या भाषेत सोळा गेजचा. ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला) पाईप चांगल्या कंपनीचा घ्या, गेट-ग्रिलवाला पाईप बऱ्याचदा गेजला कमी भरतो, व्हर्नियर घेऊनच दुकानात जा. ड्रॉइंग इंटरनेटवर मिळतात पण ती परदेशी डोनरची असतात, त्यामुळे इंजिनचे माऊंट, बोगदा (दोन सीटच्या मधला गिअरबॉक्सचा उंचवटा) आणि मागचा एक्सल आपल्या मापाने बदलावा लागतो. आधी डोनरचं इंजिन-गिअरबॉक्स जमिनीवर ठेवून पुठ्ठ्याचा बोगदा करा, स्वतः शेजारी बसा, पाय पेडलवर ठेवून बघा. सेव्हन अरुंद असते, साडेपाच फुटाच्या इंग्रजी बारीक माणसासाठी काढलेल्या मापात आपला भरीत-पुरी खाणारा माणूस बसत नाही, चार इंच रुंद आणि चार इंच लांब करा, दिसण्यात काही फरक पडत नाही.

आता टेबल. चेसिस सरळ येतो की वाकडा हे टेबलावरच ठरतं, वेल्डरवर नाही. अँगलचं टेबल करा, वर जाड प्लाय, आणि लेव्हल करायला गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाईप आणा, पारदर्शक नळी, ती चारही कोपऱ्यांना जी लेव्हल दाखवते ती कुठल्याही फॅन्सी मशीनइतकी खरी असते. प्लायवर पूर्ण साईजमध्ये ड्रॉइंग काढा, पाईपाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठोका, पाईप त्यात बसवा, टॅक (वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारा. सगळा सांगाडा फक्त टॅकवर उभा करायचा, एकही जॉइंट पूर्ण भरायचा नाही. गुण्या लावा, कर्णमाप घ्या, डावा-उजवा कर्ण दोन मिलिमीटरच्या आत आला की मगच फुल वेल्डिंग, तेही एक जॉइंट पुढे उजवीकडे, पुढचा मागे डावीकडे, असं फिरत फिरत, नाहीतर उष्णतेने सगळा केळ्यासारखा वाकतो (रावेर-यावलच्या केळीवाल्या मंडळींनी माफ करावं).

सोळा गेजला सीओटू (गॅस आणि तारेचं) वेल्डिंगच लावा. शेतीअवजारांची आणि ट्रॉलीची कामं करणारे आपल्याकडचे फॅब्रिकेटर कमालीचे हुशार आहेत, पण त्यांचा हात जाड लोखंडाला सरावलेला, आर्कची कांडी पातळ पाईपाला लावली की भोकं पडतात. आधी चार तुकडे जोडून द्या, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा, पाईप फाटला पण जॉइंट सुटला नाही म्हणजे वेल्डर पास. सस्पेन्शनचे ब्रॅकेट, सीटबेल्टचे पॉइंट आणि रोल बारचे (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीचे) पाय या तीन जागी काटकसर नाही. सीटबेल्ट चेसिसलाच, जाड प्लेट देऊन. पत्र्याला किंवा फायबरला अडकवलेला बेल्ट शोभेचा.

नट-बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ लिहिलेलं बघूनच घ्या, कोरं डोकं असेल तर परत ठेवा. सस्पेन्शन-स्टिअरिंगला नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) नट, आणि एकदा खोललेला नायलॉक पुन्हा वापरायचा नाही. कच्च्या जोडणीला जुने चालतात, पक्क्याला सगळे नवे.

स्टिअरिंग, ब्रेक, कूलिंग, वायरिंग

स्टिअरिंगचा रॉड कमी पडला म्हणून मध्ये तुकडा टाकून वेल्ड करणारे महाभाग आहेत. नाही म्हणजे नाही. युनिव्हर्सल जॉइंट आणि योग्य लांबीचा शाफ्ट लेथवरून करून घ्या. रॅक (चाकं वळवणारा स्टिअरिंगचा दातेरी दांडा) कुठे बसवता यालाही महत्त्व आहे, रॅकचे आतले जॉइंट सस्पेन्शन आर्मच्या आतल्या पिव्होटच्या रेषेत हवेत, नाहीतर खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते. स्प्रिंग काढून चाक जॅकने वरखाली करून बघा, चाकाला लेझर किंवा साधी पट्टी बांधा, किती वळतं ते लगेच दिसतं.

ब्रेक डोनरचेच ठेवा. गाडी हलकी आहे म्हणून सर्वो (पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर) नसला तरी चालतो, पण पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक झाली पाहिजेत, मागची आधी झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. पेट्रोलची टाकी आणि सीट यांच्या मध्ये लोखंडी पत्र्याचा पडदा, आणि इंजेक्शनच्या लाईनला हाय प्रेशरचाच होज, कार्ब्युरेटरचा साधा रबर नाही.

कूलिंगला आपल्याकडे खरी परीक्षा आहे. परदेशातल्या ड्रॉइंगमध्ये छोटा रेडिएटर दाखवतात, त्यांच्याकडे उन्हाळा म्हणजे आपली दिवाळी. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. डोनरचाच रेडिएटर आणि फॅन ठेवा, आणि नाकातून आलेली हवा बाजूने पळून जाऊ नये म्हणून ॲल्युमिनियम पत्र्याचे कडे करून ती रेडिएटरमधूनच जाईल असं करा, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि मोठ्या रेडिएटरइतका फरक पाडतं. रेडिएटर इंजिनपेक्षा खाली असतो म्हणून पाणी भरायची टाकी सगळ्यात उंच जागी ठेवा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकते आणि काटा शांत दिसत असताना इंजिन उकळतं.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो, फायबरमधून अर्थ (अर्थिंग) जात नाही. डोनर गाडीत बल्बची अर्थ पत्र्यातून परत यायची, इथे प्रत्येक लाईटला, हॉर्नला, पंपाला स्वतंत्र अर्थ वायर ओढून चेसिसच्या एका स्वच्छ घासलेल्या पॉइंटला आणायची. इंडिकेटर दिला की हेडलाईट मिचकावतो, ब्रेक दाबला की फ्युएल गेज हलतो, असली भुताटकी दिसली की दहातल्या नऊ वेळा अर्थ.

बॉडी

बाजूचे पत्रे १.२ मिलिमीटर ॲल्युमिनियमचे, पॉप रिव्हेटने दोन-अडीच इंचांवर. लोखंड आणि ॲल्युमिनियम थेट चिकटलं की पावसाळ्यात पांढरी पावडर सुटते, म्हणून मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा पट्टा द्या, खडखडही थांबते. आधी सगळे पत्रे क्लेकोने (काढता येणाऱ्या तात्पुरत्या रिव्हेटने) किंवा साध्या स्क्रूने तात्पुरते लावा, रिव्हेट पक्क्या जोडणीलाच.

नाक आणि मडगार्ड फायबरचे. पुण्या-मुंबईकडून तयार आणता येतात पण ट्रान्सपोर्टमध्ये तडे गेलेले बघितलेत, त्यापेक्षा बागेतल्या घसरगुंड्या, देखाव्यांच्या मूर्ती, पाण्याच्या टाक्या बनवणारा फायबरवाला जिल्ह्याच्या गावी असतोच, त्याला गाठा, पण शेजारी बसून करून घ्या. त्याला मजबुती कळते, गाडीचं फिनिशिंग कळेलच असं नाही. आधी आकाराचा नमुना, त्याच्यावरूनच पुढे मोल्ड (उलटा साचा) निघतो, त्यासाठी एमडीएफच्या फासळ्या करून मध्ये पीयू फोम भरा. थर्माकोलवर थेट पॉलिस्टर रेझिन ओतलं तर ते थर्माकोल खाऊन टाकतं. वर लांबी, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. इथे दिलेला प्रत्येक तास पुढे रंगाच्या वेळी परत मिळतो, कारण नमुन्यावरचा ओरखडा मोल्डमध्ये आणि मोल्डमधला प्रत्येक पीसवर छापला जातो.

मग मोल्डमध्ये वॅक्सचे चार-पाच हात, जेलकोट (रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर), पहिली काचेच्या धाग्यांची मॅट तीनशे ग्रॅमची बारीक, नंतर साडेचारशेच्या दोन. रोलरने हवा काढायची, कोपऱ्यात जास्त. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के पडतो, म्हणजे किलोला दहा ते वीस मिली. आणि इथे खान्देशचं हवामान मध्ये येतं. मे महिन्यात दुपारी रेझिन कालवलं की ब्रश लावेपर्यंत डब्यात दगड होतो आणि धूर निघतो, मग लोक हार्डनर अर्धा टक्का करतात, तेही चूक, कमी हार्डनरचं फायबर आतून कधीच पूर्ण पिकत नाही. उपाय एकच, पहाटे काम, एक टक्का, आणि एका वेळी अर्ध्या किलोच्या वर कालवायचं नाही, तेही खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये. डिसेंबर-जानेवारीत उलटं, पहाटे दहा-बारा डिग्रीला रेझिन झोपून राहतं, तेव्हा अकरा ते चार हीच वेळ. पावसाळ्यात मॅटचा रोल ओल धरतो आणि फायबर पांढुरकं पडतं, त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा. एक जिवावरची गोष्ट, कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारं द्रव) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, हार्डनर नंतर.

पीस मोल्डमधून निघाला की लगेच रंगवायची घाई सगळ्यांना होते. फायबर पुढे कित्येक आठवडे आकसत राहतं आणि रंगाखालून मॅटचे धागे वर दिसायला लागतात, म्हणून पीस चेसिसवर बोल्टने आवळून महिनाभर उन्हात ठेवा. युरोपवाले यासाठी भट्टी लावतात, आपल्याला अंगण पुरतं. पण चेसिसवरच हं, नुसता अंगणात टाकला तर वाकडा होऊन बसेल.

बिजागरी किंवा बॉनेटचं लॉक जिथे येणार तिथे फायबरच्या थरांमध्ये लोखंडी पट्टी आधीच घालून घ्या आणि मोठे वॉशर वापरा. नुसत्या फायबरला भोक पाडून आवळलेला बोल्ट वर्षभरात भोक लांबट करतो.

कच्ची जोडणी

आता सगळं लावा. सीट, आरसे, नंबर नसला तरी प्लेटची जागा, सगळं. प्रत्येक भोक आत्ताच पडलं पाहिजे, रंगानंतर ड्रिल हातात घ्यायची वेळ येता कामा नये. गॅप चार-पाच मिलिमीटर ठेवा, दोन्ही कडांवर प्रायमर आणि रंग चढला की एखादा मिलिमीटर सहज कमी होतो. गॅप मापायला त्या जाडीची प्लायवूडची पट्टी फिरवा, अडकेल तिथे घासा, खेळेल तिथे फायबर वाढवा.

सस्पेन्शनची उंची रिकाम्या गाडीवर सेट करू नका, ड्रायव्हरचं वजन हवं. युरियाची गोणी ४५ किलोची, दीड गोणी सीटवर टाकली की ड्रायव्हर तयार. मग एखाद्या कापसाच्या जिनिंगच्या भुईकाट्यावर पिकअपने नेऊन आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची अशी वजनं घ्या, ड्रायव्हरसकट साधारण निम्मं-निम्मं आलं तर छान. सीझनमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा काटेवाला हाकलून देईल, उन्हाळ्यात जा.

खळ्यावर चालवा. पहिल्यांदा पहिल्या गिअरमध्ये, फक्त ब्रेक बघायला. गळती, वास, घासण्याचा आवाज, टायर मडगार्डला लागतो का. वहीत लिहा. गाव जमा होणार हे धरून चाला, कोणीतरी "एव्हरेज काय देती भो" विचारणार, कोणीतरी पोराला मांडीवर बसवणार, त्या दिवशी कोणालाही बसवू नका.

खोला आणि रंगवा

वहीतली यादी संपली की सगळं खोला. चेसिस पावडर कोटिंगला द्यायचा असेल तर भट्टीची लांबी आधी विचारून घ्या, फर्निचरच्या भट्टीत तीन मीटरच्या वरचा सांगाडा मावत नाही आणि आणून परत न्यायचं भाडं वाया. नाहीतर इपॉक्सी प्रायमर आणि पीयू, तेही छान टिकतं.

फायबरला रंगाआधी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोल्डचं वॅक्स काढणं. आधी साबणाचं पाणी, मग वॅक्स रिमूव्हर, आणि मगच घासणं. उलट केलं तर वॅक्स घासून घासून आत जातं आणि रंगावर फिश आय पडतात, गोल गोल खळगे, त्यावर कितीही हात मारा, तिथे रंग थांबत नाही. जेलकोटमधले बारीक बुडबुडे सुईने फोडून आत्ताच भरा, उन्हात ते आपोआप फुटतात आणि रंग घेऊन जातात.

मग इपॉक्सी प्रायमर, टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) सरफेसर, त्याच्यावर काळ्या स्प्रेचा हलका धुरळा. लांब लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून तिरकं घासा, जिथे काळं राहिलं तिथे खड्डा. हाताने घासू नका, बोटं खड्ड्यात जातात आणि खड्डा अजून खोल करतात. १८० नंबरच्या पेपरने आकार, ३२० ने सफाई, मग ६०० आणि ८०० वॉटर पेपर. इथे माणूस कंटाळतो, कंटाळा आला की त्या दिवशी काम बंद करा.

रंगाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये वावटळ कधी येऊन ओल्या रंगावर धूळ पसरेल सांगता येत नाही, शिवाय आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पेंटर गावी गेला की आठवडाभर फोन लागत नाही. पावसाळ्यात दमट हवेने क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) धुरकट होतो. थंडीत फास्ट थिनर, गरमीत स्लो, पेंटर विचारत नसेल तर तुम्ही विचारा. सकाळी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवा. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं धरतं, रुमाल बांधून मारणारे पेंटर बघितले की मला राग येतो. कार्ट्रिजचा मास्क किमान, बाहेरून हवा देणारा असेल तर उत्तम.

कलर साधा सॉलिड घ्या. मेटॅलिकचा टचअप जुळत नाही, आणि काळा-गडद निळा आपल्या उन्हात इतका तापतो की फायबरचे धागे वर्षात दिसायला लागतात. पिवळा, पांढरा, फिकट हिरवा. क्लिअर कोट दोन-तीन आठवडे पिकू द्या, मग १५०० आणि २००० चा पेपर, रबिंग कंपाऊंड, पॉलिश. कडांवर मशीन फिरवू नका, रंग कडेवर सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावून ठेवा.

पक्की जोडणी

हा भाग खरं तर झटपट होतो, कारण सगळी भोकं पडलेली, सगळं एकदा बसलेलं असतं. बोल्ट टॉर्क रेंचने आवळा आणि आवळलेल्या प्रत्येकावर पेंट मार्करने रेघ ओढा, नट सरकला की रेघ तुटलेली दिसते. सीटचं काम ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची सीटं शिवणाऱ्या कुशनवाल्याकडून करून घ्या, गाडी उघडी असल्याने फोम पाणी न धरणारा सांगा, आणि काळं रेक्झिन नको, दुपारी बसलात की समजेल का ते. व्हील अलाइनमेंटला पिकअपवरून न्यावं लागेल, दुकानदाराला आधी फोन करा कारण मशीनमध्ये तुमच्या गाडीचं मॉडेल नसणार, टो, कॅम्बर आणि कॅस्टरचे (चाकांच्या कोनांचे) आकडे तुम्हीच लिहून द्यायचे.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळ्या रेघा तपासा, चाकांचे नट पुन्हा आवळा, ब्रेक ऑईल आणि कूलंटची लेव्हल बघा, कूलंट थोडं खाली गेलेलं असेल, हवा निघाली म्हणून, भरा. गाडी वावरातल्या शेडमध्ये ठेवणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि हार्नेसवर जिथे जिथे हात पोहोचत नाही तिथे प्लॅस्टिकची कड्याची नळी चढवा, कापूस भरलेल्या शेडमध्ये उंदीर हमखास असतात आणि ईसीयूच्या वायरी त्यांना फार आवडतात.